खालचा सिलेंडर

वसावा म्हणतो, काका, सांभळो ने,
कशी खोकतेय बघा.
मी मान हलवतो.
डावा कान मागच्या दिवाळीपासून बंद,
उजव्यात टेबलफॅनसारखं काहीतरी अखंड फिरत असतं,
हे त्याला ठाऊक नाही.

फायर ब्रिगेडच्या बोटीची मोटर. चाळीस हॉर्सपॉवर,
दोन सिलेंडर, दोघांना आपापला कार्ब्युरेटर.
टेम्पोत घालून नवापुऱ्यात माझ्या शटरपुढे आणली,
कारण टू-स्ट्रोक उघडणारा हात
या बाजूला आता एकच उरलाय,
असं कोणीतरी त्यांच्या साहेबांना सांगितलं.

निळ्या पिंपात पाणी भरून तिला आत उतरवलं.
पहिल्या दोरीला काही नाही.
चौथ्या दोरीला घेतलं एकदाचं, आणि मग तो धूर!
दांडिया बाजारातल्या सगळ्या जुन्या स्कूटरी
एका ढेकरेत बाहेर आल्या.
समोरच्या फरसाणवाल्याने नाकाला रुमाल लावला,
मी लावला नाही.

ऐकू येईना की हाताने ऐकायचं.
तळवा डोक्यावर ठेवला तिच्या:
एक पायरी निखळलेला जिना
कोणी घाईने उतरतंय.
मागून पाण्याची धार नीट पडतेय, म्हणजे पंप बरा.
लाकडी चिमट्याने वरच्या प्लगची टोपी ओढली,
मेली जागच्या जागी.
पुन्हा चालू केली, खालची ओढली,
हिला पत्ताच नाही.
वसावा, घरात एकजण नुसताच बसून जेवतोय.
तो हसला. मला दात दिसले.

जेवतही नव्हता बिचारा.
खालचा प्लग काढला तर कोरडा, पांढुरका,
उपास धरल्यासारखा.
ब्लॉकला टेकवून शटरच्या सावलीत दोरी ओढली,
ठिणगी निळी, टपोरी.
वरचा प्लग खाली, खालचा वर केला,
दुखणं तिथंच राहिलं.
म्हणजे करंट आहे. पेट्रोल पोचत नाही.

पेट्रोल कधीचं रे?
त्याने उत्तर दिलं असणार.
मी तोवर खालचा कार्ब्युरेटर उघडून बसलो होतो,
वाटीच्या तळाला हिरवट पिवळं रोगण,
महिनोन्‌महिने न घासलेल्या समईत असतं तसं.
जेट उन्हात धरलं.
पलीकडे काही नाही.
सुई घालायची नाही, भोक मोठं होतं.
वायरमधली तांब्याची एक तार सोडवली,
थिनरचा थेंब, पुन्हा तार, पुन्हा फुंकर,
मान खाली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

किती वेळ गेला कोण जाणे.
मान वर केली तेव्हा वसावाचे ओठ थांबत होते.
काहीतरी मोठं सांगून झालं होतं त्याचं.
एवढंच हाती लागलं:
पूर, सोसायटीची गच्ची, मगर कंपाउंडवर,
आणि त्याची पाच बोटं हवेत पसरलेली,
मग त्यातलं एक मिटलेलं.
असं होतं कधीकधी, मी म्हणालो.
तो माझ्याकडे बघत राहिला.

जेटमधून टाचणीच्या टोकाएवढं आभाळ दिसलं.
बसवलं. जुनं पेट्रोल डब्यात काढून कोपऱ्यात ठेवलं,
ताजं घातलं, पन्नासाला एक तेल.
पहिल्याच दोरीला.
तळव्याखाली पायऱ्या सगळ्या जागेवर,
उतरणारा आता घाईत नव्हता.

बिल झालं नाही, चहा झाला.
मी सांगितलं, काम संपलं की नळी काढायची,
आतलं पेट्रोल जळून आपण होऊन बंद पडेस्तोवर चालवायची,
पोटात शिळं ठेवून झोपवायचं नाही हिला.
त्याने मान डोलावली. दोघांनी मोटर टेम्पोत चढवली.

टेम्पो कोपऱ्यापर्यंत गेला असेल.
मी हात वर करून थांबवला, धापा टाकत पोचलो,
खिडकीवर बोटं ठेवली.
वसावा, मगाशी सांगत होतास ते
पुन्हा एकदा सांग.
आणि इकडून ये. उजवीकडून.